ग्रामपंचायतीतील दाखले मुदतीत कसे मिळतील : सरपंचांसाठी काही सूचना

कोल्हापूर जिल्ह्यातील बहुतेक ग्रामपंचायतींत आता संगणक आहे, संगणक परिचालक आहे आणि दारावर ‘आपले सरकार सेवा केंद्र’ अशी पाटीही आहे; तरीही घराच्या साध्या उताऱ्यासाठी लोकांना तीन-तीन हेलपाटे घालावे लागतात आणि त्याचे खापर सर्व्हरवर फोडले जाते. सर्व्हर अधूनमधून बंद पडतो, हे खरे आहे. मात्र बहुतेक विलंबाचे मूळ अर्ज घेऊन पोच न देण्याच्या सवयीत असते आणि ती सवय सरपंचांना मोडता येते.

प्रथम कायदा नीट समजून घ्यावा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक अधिसूचित सेवेला ठरावीक मुदत, ती देण्यास जबाबदार असा पदनिर्देशित अधिकारी आणि त्यावरील दोन अपिलीय अधिकारी नेमून दिलेले असतात. पुरेशा कारणाविना सेवा न दिल्यास पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. ग्रामपंचायतीत हा अधिकारी म्हणजे ग्रामसेवक (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी), सरपंच नव्हे. दंडाची झळ सरपंचांना बसत नसल्यामुळे त्यांनी स्वतःला बांधून घेण्याची काही व्यवस्था स्वतःच उभारावी लागते.

मुदत सर्व बाबतींत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते आणि नेमकी याच तरतुदीतून पळवाट निघते. ‘अमुक कागद राहिला आहे, उद्या या’ असे तोंडी सांगून अर्ज परत पाठवला की घड्याळ सुरूच होत नाही, आणि संगणकावर एकही प्रकरण प्रलंबित दिसत नाही. म्हणून पहिला नियम असा करावा की आलेला प्रत्येक अर्ज त्याच दिवशी नोंदवून दिनांक व अर्ज क्रमांकासह पोच द्यायची, आणि त्रुटी असल्यास सर्व त्रुटी एकाच वेळी लेखी कळवायच्या. रोज एक नवी त्रुटी काढण्याची पद्धत बंद झाली, तरी गावातील निम्म्या तक्रारी कमी होतील, असा माझा अंदाज आहे.

सेवा, मुदत, शुल्क, लागणारी कागदपत्रे आणि अधिकाऱ्यांची पदनामे दाखवणारा फलक दर्शनी भागात असावा. कपाटामागे लावलेल्या फलकाचा कोणालाच उपयोग नाही. त्या फलकावर आणखी दोन खुलासे आवर्जून लिहावेत. ग्रामपंचायतीकडील नमुना ८ हा घराच्या करआकारणीचा उतारा असून, जमिनीच्या खात्याचा ८-अ तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, मिळतो. दुसरे असे की जन्म-मृत्यूची नोंद घटना जेथे घडली तेथील निबंधकाकडे होते. त्यामुळे कोल्हापूर शहरातील सीपीआर या सरकारी रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या दाखल्यासाठी गावातील ग्रामपंचायतीत येऊन उपयोग नसतो. घटना गावातच घडली असेल, तर २१ दिवसांच्या आत कळवण्याविषयी आशासेविकांमार्फत आठवण द्यावी, कारण वर्ष उलटून गेल्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही आणि कुटुंबाला तालुक्याच्या खेपा पडतात.

गगनबावडा किंवा शाहूवाडीच्या डोंगराळ भागात रेंज नसते, अशा वेळी अर्ज कागदावर स्वीकारून पोच द्यावी आणि जोडणी येताच त्याच दिनांकाचा उल्लेख करून तो संगणकावर भरावा. प्रयाग चिखली, आंबेवाडी यांसारख्या पूरग्रस्त गावांनी तर २०१९ आणि २०२१ चे पूर लक्षात ठेवून जुन्या नोंदवह्या पावसाळ्यापूर्वीच स्कॅन करून घ्याव्यात आणि त्यांची एक प्रत गावाबाहेर, शक्यतो पंचायत समितीत, ठेवावी.

आता सरपंचांच्या उत्तरदायित्वाकडे वळू. दर सोमवारी परिचालकाकडून फक्त तीन आकडे मागावेत : किती अर्ज आले, किती मुदतीत निकाली निघाले आणि किती मुदतीबाहेर गेले. मुदतीबाहेर गेलेल्या प्रत्येक अर्जाचे कारण ग्रामसेवकांशी समोरासमोर बसून विचारावे. चारचौघांत त्यांच्यावर ओरडू नये. एका ग्रामसेवकाकडे अनेकदा एकाहून अधिक गावांचा कार्यभार असतो, त्यामुळे ते गावात कोणत्या दिवशी असतील, हे ठरवून फलकावर लिहिल्यानेही पुष्कळ हेलपाटे वाचतात.

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. त्या प्रत्येक सभेत मुदतीबाहेर गेलेल्या अर्जांची संख्या व कारणे सरपंचांनी स्वतः वाचून दाखवावीत, अर्जदारांची नावे मात्र वाचू नयेत. पहिल्या सभेत हे अवघड जाते आणि विरोधी गट त्याचे भांडवलही करतो. तरीही तोच आकडा पुढच्या सभेत पुन्हा वाचायचा आहे, या जाणिवेने कार्यालयातील कामाचा वेग बदलतो.

शेवटी अपिलाविषयी. अर्ज फेटाळल्यास कारणे लेखी कळवावीत आणि प्रथम अपील कोणाकडे करायचे, हे त्याच पत्रात लिहावे. असे अपील फेटाळणीच्या आदेशापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत करता येते; त्यानंतर दुसरे अपील आणि पुढे राज्य लोकसेवा हक्क आयोगापर्यंत जाण्याचा मार्गही खुला असतो. काही सरपंचांना अपील म्हणजे गावाची बदनामी वाटते आणि ते अर्जदाराला ‘आपल्यातच मिटवू’ असे सांगतात. तसे न करता अपिलाचा कोरा नमुना पोचपावत्यांच्या पुस्तकाशेजारीच ठेवावा.