प्रश्न गिळायला शिकवा : मराठीतून प्ले थेरपीचं प्रशिक्षण

प्ले थेरपी, म्हणजे खेळातून मुलांवर केलेला मानसिक उपचार, शिकायला आलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला किंवा समुपदेशकाला चार वर्षांच्या मुलासमोर बसवा आणि सांगा, दहा मिनिटं काही विचारायचं नाही, शिकवायचं नाही, कौतुक करायचं नाही. थोड्याच वेळात तोंडातून निसटतं, "हे काय बनवतोयस?" किंवा "अरे वा, किती छान!" रुग्णाचा पूर्वेतिहास घेणं, चाचणी घेणं, सल्ला देणं ही या माणसाची वर्षानुवर्षांची कमाई असते आणि खेळाच्या खोलीत नेमकी तीच आड येते. म्हणून प्रशिक्षणाचा मोठा वाटा नवं शिकवण्यात नाही, जुनं सोडवण्यात जातो. वेळापत्रक आखताना हे धरून चाला.

इथे जी पद्धत गृहीत धरली आहे ती बालकेंद्री प्ले थेरपी, साधारण ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी. व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारातून तिची आठ तत्त्वं १९४७ मध्ये मांडली. गॅरी लँड्रेथ यांनी पुढे तिची खोली, खेळणी, वाक्यं असं सगळं बारकाईने बसवलं. खेळाची वाट मूल ठरवतं, थेरपिस्ट मागून चालतो, हा तिचा गाभा.

गट १२ जणांचा ठेवा, प्रशिक्षक दोन. सुरुवातीला सलग चार दिवस, रोज सहा तास. त्यानंतर दहा आठवडे प्रत्यक्ष सराव आणि आठवड्याला दोन तासांचं सुपरव्हिजन (म्हणजे आपलं सत्र अनुभवी थेरपिस्टपुढे मांडून तपासून घेणं), चार-चार जणांच्या तुकडीत. नुसती चार दिवसांची कार्यशाळा घेऊन प्रमाणपत्र वाटू नका. लोक खेळणी विकत आणतात आणि मुलाला समोर बसवून पुन्हा मुलाखतच घेतात, फक्त हातात बाहुली असते.

आधी नुसतं बघायला लावा

पहिला दिवस सुरू होण्याआधी प्रत्येकाने एखाद्या बालवाडीत किंवा अंगणवाडीत, परवानगी घेऊन, दोन-दोन तास दोनदा मोकळा खेळ बघावा. वहीत फक्त डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं तेवढंच लिहायचं. "मुलगी रागावून ठोकळे पाडते" हे चालणार नाही. "उजव्या हाताने ठोकळे पाडले, 'जा' म्हणाली, मागे वळून दाराकडे पाहिलं" हे चालेल. पहिल्या नोंदींमध्ये अर्थच जास्त आणि घडलेलं कमी असतं. लाल पेनाने अर्थाचे शब्द अधोरेखित करून वही परत द्या. दुसऱ्या खेपेला फरक पडतो.

खोली आणि खेळणी

आदर्श खोली १२ बाय १५ फुटांची सांगतात. शहरातल्या फ्लॅटमधल्या क्लिनिकला १० बाय १० मिळाली तरी काम भागतं. खोली नसेल तर मोठी पिशवी आणि एक सतरंजी घ्या. सतरंजी ही खोलीची हद्द. फरशी पुसता येणारी हवी आणि पाणी हाताशी हवं. भिंतीवर मुळाक्षरांचे तक्ते नकोत, नाहीतर मूल लगेच शाळेत जातं.

खेळणी तीन प्रकारची लागतात. घरातली आणि रोजच्या जगण्यातली : बाहुल्यांचं कुटुंब (त्यात आजी-आजोबा हवेतच), भातुकली, दुधाची बाटली, दोन खेळण्यातले फोन, डॉक्टरची पेटी आणि खऱ्या बँडेजची गुंडाळी, रिक्षा, रुग्णवाहिका, पोलिसांची गाडी. राग बाहेर काढायची : वाघ, मगर, साप, सैनिक, रबरी सुरी, दोरी, ठोसा मारला की परत उभी राहणारी हवेची बाहुली. आणि घडवायची : शाडू किंवा कणकेसारखी मऊ माती, आठ रंगांचे खडू, कोरे कागद, बोथट कात्री, चिकटपट्टी, वाळूचा ट्रे. लाकडी भातुकली सावंतवाडीची मिळाली तर उत्तम, टिकते. ट्रेमध्ये तांदूळ किंवा डाळ घालू नका. अन्न सांडू नये हे घरी इतकं बिंबवलेलं असतं की मूल हात आखडतं.

बॅटरीवर चालणारी खेळणी, मोबाइल, तुकडा हरवलेली कोडी, कार्टूनमधली पात्रं बाहेर ठेवा. छोट्या भीमची गोष्ट आधीच ठरलेली असते, मुलाची नसते. रबरी सुरी ठेवायची म्हटलं की प्रत्येक गटात कुणीतरी हरकत घेतं. वाद होऊ द्या, पण घाईने तोडगा काढू नका. घरात मार पाहिलेल्या मुलाला ते सांगायला काहीच मिळालं नाही, तर ते भातुकलीतल्या उलथन्याने तेच करतं.

प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असावी आणि ती बदलू नये. गेल्या आठवड्यात मातीत पुरलेला साप या आठवड्यात मूल नेमका शोधतं. सराव करणाऱ्यांकडून खोली लावून घ्या, तिचा फोटो काढा आणि दर सत्रानंतर त्या फोटोप्रमाणे मांडायला लावा. हे काम मुलाकडून करून घ्यायचं नाही. आया म्हणतील, "पसारा आवरायची सवय नको का?" घरी हवी. इथे पसारा हे मुलाचं बोलणं आहे आणि बोलून झाल्यावर ते पुसायला लावायचं नसतं.

मराठी वाक्यं कशी घडवायची

या विषयाची बरीचशी पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि तिथली वाक्यं तशीच मराठीत आणली की "तू ठरवलेलं आहेस की तुला ते हवं आहे" असला मजकूर तयार होतो. मूल दचकून वर बघतं. चार दिवसांतला किमान एक पूर्ण दिवस फक्त वाक्यांवर घालवा.

मराठीची एक सोय सुरुवातीलाच दाखवा : नपुंसकलिंग. मुलाने नाव देईपर्यंत खेळण्याला नाव द्यायचं नाही, हा नियम. मूल गाडी फिरवत असेल, पण त्याच्या लेखी ते जहाज असू शकतं. इंग्रजीतल्या इतकीच सुटसुटीत वाट आपल्याकडे आहे : "ते वर चढलं", "ते लपवलंस", "ते धपकन पडलं." "बाबा पडले" असं थेरपिस्ट म्हणाला की गोष्ट त्याची झाली. मूल "हा वाघ" म्हणालं, की मग वाघ.

"तुला राग आलाय" आणि "तुला राग आलाय का?" यांत 'का' एवढाच फरक आहे, पण पहिल्यात सोबत आहे आणि दुसऱ्यात चौकशी. 'का' काढला तरी सूर वर जातो, म्हणून वाक्य रेकॉर्ड करून ऐकवा. शेवटी "हो ना?", "बरोबर ना?" चिकटवायची सवय याच कारणाने मोडायची. 'आपण'वरही लक्ष ठेवा. "आपण आता चित्र काढूया हं" हे प्रेमळ वाटतं, पण त्यात मुलाच्या वतीने निर्णय होऊन गेलेला असतो.

एका जोडीने समोरासमोर बसून हा सराव करावा. मूल कागद निळ्या रंगाने भरतं आणि विचारतं, "छान आहे?" सवयीचं उत्तर, "खूप छान! शाब्बास!" मग पुढच्या खेपेला मूल शाब्बासकीसाठी काढतं. त्याऐवजी : "कागदभर निळा दिलास. एक कोपरासुद्धा सोडला नाहीस." मूल विचारतं, "हे काय आहे?" उत्तर : "इथे तू म्हणशील ते." मूल डबा पुढे करून म्हणतं, "उघडून दे." प्रयत्न न करताच दिला असेल तर : "उघडायचाय तुला. कसा उघडतो बघ." दोनदा जोर लावून थकलं असेल तर सरळ हात द्या. तिथेही तत्त्व धरून बसणारे विद्यार्थी असतात आणि मूल रडकुंडीला येतं.

भावनेचे शब्द फळ्यावर गोळा करा. बहुतेकांची यादी राग, भीती, दुःख, आनंद इथे संपते. मग आठवू द्या : रुसणं, हिरमुसणं, खट्टू होणं, वैतागणं, धास्तावणं, ओशाळणं, हेवा वाटणं, चडफडणं. मूल "भ्याव वाटतं" म्हणालं तर थेरपिस्टनेही भ्यावच म्हणावं. त्याला भीती असं सुधारून दिलं की शाळेतल्या बाई आल्याच. हाक कशी मारायची तेही मुलावर सोडा. ताई, काकू, नुसतं नाव, काहीही चालेल. 'टीचर' म्हणून स्वतःची ओळख मात्र करून देऊ नका.

वाक्य दहा शब्दांच्या आत. क्रिकेटचं धावतं समालोचन नको; उलट टोकाला, गप्प मुलासोबत थेरपिस्टही गप्प बसला तर मुलाला आपल्यावर नजर ठेवलीय असं वाटतं. बुटक्या खुर्चीवर बसा आणि मूल जिकडे सरकेल तिकडे नाकाबरोबर पायाची बोटंही वळू द्या. नुसती मान वळली तर पाळत वाटते.

सुरुवात, हद्द, शेवट

पहिलं वाक्य पाठ करून घ्या : "ही खेळायची खोली. इथे तुला हव्या तशा बऱ्याच गोष्टी करता येतात." 'बऱ्याच', 'काहीही' नाही. 'काहीही' म्हटलं आणि पाचव्या मिनिटाला भिंत रंगवायला मनाई केली, की मूल तुमचा शब्द मोजतं. आईला सोडत नसेल तर ओढून आत नेऊ नका; पहिली एक-दोन सत्रं आई दाराशी खुर्चीवर बसू शकते.

नियमांची यादी आधी वाचून दाखवायची नाही. वेळ येईल तेव्हाच हद्द सांगायची, तीन पायऱ्यांत : भावना, मर्यादा, पर्याय. "तुला माझा खूप राग आलाय. मला मारायचं नसतं. त्या बाहुलीला मारू शकतोस." शिकणारे घाबरून दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करतात, "ए, मारायचं नाही!" मग मूल जोर वाढवतं, कारण त्याचा राग कुणी ऐकलेलाच नसतो. दुसरी चूक पर्यायाची. "दुसरं काहीतरी खेळ" हा पर्याय नाही. बोट दाखवून वस्तू सांगा. तीन वेळा शांतपणे सांगूनही थांबलं नाही तर निवड पुढे ठेवा : "पुन्हा माझ्यावर वाळू फेकलीस, तर आज वाळू न खेळायचं तू ठरवलंस." आणि फेकली तर ट्रे खरंच झाका.

सत्र ४५ मिनिटांचं, नवशिक्यासाठी ३०. "पाच मिनिटं उरली" आणि "एक मिनिट उरलं" हे सांगायचंच. मूल रंगात आलंय म्हणून दहा मिनिटं वाढवणं ही दया नव्हे. पुढच्या वेळी ते शेवट ढकलत राहतं.

रोल-प्ले तिघांत करा : मूल, थेरपिस्ट, निरीक्षक; प्रत्येकी दहा मिनिटं. मोठ्यांना मूल व्हायला सांगितलं की सगळे दंगेखोरच होतात, म्हणून चिठ्ठ्या द्या. एकात गप्प मूल, एकात सारखं "बरोबर आहे का?" विचारणारं, एकात दर तीन मिनिटांनी बाहेर जाऊ पाहणारं, एकात प्रत्येक खेळ जिंकणारं. गप्प मुलाची चिठ्ठी सगळ्यांत अवघड जाते, ती दोनदा फिरवा.

सराव, व्हिडिओ आणि कायदा

पहिली तीन सत्रं अडचण नसलेल्या मुलासोबत. उपचाराची केस त्यानंतर, आणि ऐकू येणं व विकास यांची तपासणी झालेली असेल तरच. बोलणं उशिरा येणाऱ्या मुलाला आधी जिल्हा रुग्णालयाच्या डीईआयसीत (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणाऱ्या केंद्रात) पाठवा. पालकांची लेखी संमती घ्या, मुलाला कॅमेरा दाखवून विचारा. फाइल व्हॉट्सॲपवर कधीही जाऊ नये.

सुपरव्हिजनला दहा मिनिटांचा तुकडा शब्दशः लिहून आणायचा आणि प्रत्येक वाक्यासमोर खूण करायची : मागोवा (दिसतं ते बोलून दाखवणं), भावना, जबाबदारी परत (निर्णय मुलावर सोडणं), मर्यादा, प्रश्न, कौतुक, शिकवणं. शेवटच्या तीन रकान्यांची बेरीज दर आठवड्याला आलेखावर मांडा. दहाव्या आठवड्यापर्यंत ती दोनच्या वर असेल तर केस स्वतंत्रपणे देऊ नका.

एका सत्रातल्या खेळावरून निदान काढणं ही मोठी घसरण. बाहुली वाळूत पुरली म्हणजे छळच झाला, असं नाही. तोच खेळ तीन-चार सत्रांत, त्याच जोराने परत आला तर तो विषय म्हणून नोंदवा. मात्र लैंगिक अत्याचार झाल्याची किंवा होण्याची भीती वाटेल असं काही मूल बोललं, तर पॉक्सो कायदा, २०१२ चं कलम १९ लागू होतं. पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ प्रमाणे गुन्हा. तिथे खोदून विचारू नका. मुलाचे शब्द त्याच्याच बोलीत, अवतरणात, वेळेसह लिहा आणि त्याच दिवशी सुपरव्हायझरला सांगा. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा हेल्पलाइन क्रमांक खोलीबाहेर लावा. पालकांना गोपनीयता समजावताना हा अपवाद पहिल्याच भेटीत सांगायला शिकवा.

पालकांसाठी एक वाक्य प्रत्येकाने तयार ठेवावं : "घरी जाताना 'आज काय केलंस?' विचारू नका. हात धरा आणि चला."

दहा आठवड्यांनी सराव संपतो, मुलाची गरज संपलेली नसते. पुढचा थेरपिस्ट सातव्या आठवड्यातच ठरवा. शेवट तीन सत्रं आधी सांगायचा आणि मुलाला मोजता यावा म्हणून दाराला तीन कागदी पट्ट्या लावायच्या. दर वेळी निघताना एक पट्टी मूल स्वतः काढतं. "परत भेटू हं" म्हणायचं नाही.