अर्धवट बसलेलं गाणं ऐकवायचं कसं

बीटल्सचं 'ब्लॅकबर्ड' (1968) गिटारवर बसवताय? मग अख्खं जमायची वाट बघू नका. पहिले चार बार (ठेक्याची चार आवर्तनं) हाताला लागले की रेकॉर्ड करा. मूळ वेग मिनिटाला 90 ठोक्यांच्या वर आहे, तुम्ही मेट्रोनोम (टिक-टिक करून ठेका देणारं यंत्र किंवा ॲप) 60 वर ठेवा. पाय आपटल्याचा आवाज आला तर येऊ दे, मूळ रेकॉर्डिंगमध्येही ते गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पॉल मॅकार्टनीच्या पायाचा ठेका ऐकू येतोच की.

फोन गिटारच्या भोकासमोर धरू नका, नुसतं घुमतं. बाराव्या फ्रेटसमोर (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांड्यावरची आडवी पट्टी), हातभर अंतरावर, पुस्तकांना टेकवून ठेवा. पंखा बंद. आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीत दिवसभर हॉर्न, म्हणून मी पहाटेच उरकतो. आणि तुकडे जोडून गुळगुळीत करू नका. अडखळलात तिथंच तर ऐकणाऱ्याला काही सांगता येतं.

ग्रुपवर टाकलंत की 'लई भारी भावा', 'नाद खुळा' एवढंच येणार. बरं वाटतं, पण कामाचं काही नाही. वाजवणाऱ्या एखाद्यालाच पाठवा आणि नेमकं विचारा: 'वर सरकताना तिसरी तार मोकळी वाजत राहते, का माझं बोट लागून बंद पडते?' उत्तर आलं की तेवढाच तुकडा पुन्हा, त्याच 60 वर.