बेस मेटलचा ब्लॉक बघायला निघताय? आधी ब्लँक भरा

कर्नाटकातल्या चित्रदुर्गच्या पट्ट्यातला बेस मेटलचा, म्हणजे तांब्या-जस्ताचा, एक ब्लॉक (खनिज शोधायला आखून दिलेली जमीन) बघायला आम्ही पुन्हा निघतोय. पुन्हा, कारण मागच्या खेपेला मीच माती खाल्ली. त्या खेपेच्या ४६ नमुन्यांचे उरलेले दगड अजून माझ्या राजारामपुरीतल्या घराच्या माळ्यावर पडलेत आणि बायको दर दिवाळीला विचारते, ही खडी कधी हलणार. या वेळी बरोबर दोन नवी पोरं आहेत. त्यांनी यादी मागितली, म्हणून हे लिहितोय.

हातोडा, भिंग, ब्रंटन (खडकाची दिशा-झुकाव मोजायचं होकायंत्र), जीपीएस, पाणी, टोपी. हे मी सांगायला लागत असेल तर गाडीत बसूच नका.

आता ब्लँक. ब्लँक म्हणजे ज्यात तांबं, शिसं, जस्त जवळजवळ नाहीच असा दगड. तो आपल्या नमुन्यांच्या रांगेत गुपचूप घुसवायचा. प्रयोगशाळेच्या क्रशरमध्ये आधीच्या श्रीमंत, म्हणजे जास्त धातूच्या, दगडाची पूड चिकटून राहिली असेल तर ती पुढच्या नमुन्यात उतरते, आणि ते कळायचा हाच एक मार्ग. मागच्या वेळी हे ध्यानात आलं निपाणीला, चहा पिताना. मग काय, शेजारी रस्त्याच्या कामाची खडी पडली होती, ती पिशवीत भरली. काळा दगड, साधा दगड, त्यात काय असणार, म्हणालो. निकाल आला तेव्हा माझ्या 'कोऱ्या' नमुन्यात तांबं १८० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १८०) घरात! आपला दख्खनचा बसाल्ट आहे तो. त्यात दीडशे-दोनशे पीपीएम तांबं सहज असतं, हे दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. मला ऐन वेळी आठवलं नाही. आणि आमचे कडेचे नमुने सगळे दीडशे ते अडीचशेच्या मधले. आता ते खनिजाभोवतीचं खरं वलय, की क्रशरची घाण? सांगताच येईना. मधले श्रीमंत नमुने ठीक होते, पण ब्लॉक पुढे वाढतो की नाही हे कडेच्या हलक्या आकड्यांवरूनच ठरवायचं असतं. तिथेच गाडी अडली.

तर कोल्हापुरातून निघताना ब्लँक गाडीत पाहिजे, आणि तो कोल्हापूरचा काळा दगड नसला पाहिजे. पांढरा, लोखंडाचे डाग नसलेला क्वार्टझाइट (वाळूचा घट्ट, कठीण झालेला खडक) घ्या. गोकाकचा धबधबा ज्या कलादगीच्या खडकावरून पडतो, त्या जातीचा. आपल्या जिल्ह्यातही दक्षिणेला गडहिंग्लज-आजऱ्याकडे तो उघडा पडलाय. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्या मित्राने सिलिका वाळूचं पोतं देऊ केलंय. त्याचे आभार, पण नको. वाळू आधीच बारीक असते, तिला क्रशरमध्ये कोण टाकणार? आपल्याला तपासायचाय तो क्रशरच. मूठभर आकाराचे तुकडे हवेत. आणि वापरलेली वाळू तर अजिबातच नको, तिच्यात धातूपासून कोळशापर्यंत सगळं असतं. गोळा केलेल्या क्वार्टझाइटचे चार-पाच तुकडे महिनाभर आधी तपासून घ्या. निकाल हातात आल्याशिवाय त्याला ब्लँक म्हणायचं नाही.

घरी बसून करायचं काम. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवरून भूवैज्ञानिक नकाशा आणि भू-रासायनिक आकडे उतरवून घ्या. जुनी टोपोशीट वापरणार असाल तर तिचा डेटम (अक्षांश-रेखांश मोजायचा पाया) एव्हरेस्टचा आणि तुमचा जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर. रूपांतर न करता बिंदू टाकलात तर तिकडे शंभर मीटरहून जास्त घोळ होतो. सल्फाइडचे (धातू आणि गंधकाच्या खनिजांचे) भिंगाच्या आकाराचे पट्टे काही मीटर रुंद असतात. म्हणजे तुम्ही दुसऱ्याच्या शेतात खड्डा मारणार, आणि शिव्या मी खाणार.

कागद. आपल्याकडे चार खुंट्या ठोकून क्लेम करायची पद्धत नाही. २०१५ पासून लिलाव आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर तांबं, शिसं, जस्त धरून २९ खनिजांसाठी वेगळं एक्सप्लोरेशन लायसन्स आलंय. परवाना कुणाच्या नावावर, कोणत्या टप्प्याचा, हद्दीचे कोपरे कुठे, यात वनजमीन किती, हे पैसे लावणाऱ्याला निघण्याआधी विचारा. तिथे गेल्यावर वनखात्याच्या माणसाने विचारलं तर 'आम्ही कोल्हापूरचे' हे उत्तर चालत नाही. जी-४ पातळीची, म्हणजे अगदी पहिली, प्राथमिक पाहणी झालेल्या ब्लॉकला कुणी 'साठा' म्हणायला लागलं तर तिथेच थांबवा.

आता डोळ्यांची तयारी, ही माझ्या आवडीची. आपण बसाल्टवर वाढलेली माणसं. आपला लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, तिकडचा शिस्टचा (पापुद्र्यांच्या खडकाचा) पट्टा अडीच अब्ज वर्षांहून जुना, दबलेला, मुडपलेला. लाव्हा तिथेही आहे, पण तो समुद्राखाली ओतलेला. इंगळदाळच्या जुन्या, बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीचं खनिज त्याच संगतीतलं. आपल्या डोळ्यांना लाल टोपी दिसली की आपण जांभा म्हणतो. राधानगरी-शाहूवाडीच्या सड्यांवर ते ठीक आहे. तिकडे लाल टोपी म्हणजे गॉसन असू शकतो, सल्फाइड कुजून उरलेला सांगाडा. हातात घ्या. पोकळ, जाळीदार, घरं-घरं पडलेला आणि कुठे जॅरोसाइट या खनिजाचा पिवळट रंग असेल तर थांबून नीट बघा. सरळ पट्ट्या दिसल्या तर तो लोहयुक्त चर्ट (गारगोटीसारखा कठीण खडक) असेल. त्याच्यापुढे अर्धा दिवस घालवू नका, पण त्याला सोडूनही देऊ नका, कारण सल्फाइड त्याच्या आसपास असतं.

हिरवं दिसलं की तांबं, हा दुसरा रोग. आपल्या बसाल्टच्या पोकळ्यांतलं हिरवं सेलाडोनाइट घेऊन दरवर्षी कुणीतरी माझ्या दारात येतंच, काका, तांब्याची खाण सापडली म्हणून. मॅलाकाइटवर (तांब्याचं खरं हिरवं खनिज) सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका, फसफसतं. त्याच ओल्या जागी स्वच्छ खिळा घासा, तांब्याची लाली चढते. सेलाडोनाइटवर यातलं काही होत नाही. चाल्कोपायराइटला (तांब्याचं पिवळं खनिज) चाकूने ओरखडा पडतो, पायराइटला (नुसत्या लोखंडाचं) पडत नाही. शिशाचा गॅलेना जड आणि चौकोनी तुटतो. जस्ताचा स्फॅलेराइट ओळखणं कठीण, तो कुठल्याही तपकिरी दगडासारखा दिसतो. चिनीमातीवर घासून फिकट रेघ बघा, आम्ल टाकून सडक्या अंड्याचा वास येतो का बघा. पायरोटाइट (लोखंडाचं चुंबकी सल्फाइड) जवळ असेल तर होकायंत्र वेडं होतं, दिशा दोनदा घ्या.

अंगावरचं काढून ठेवा. हुपरीची चांदीची अंगठी, तांब्याचं कडं, सगळं. खणताना त्याची पूड नमुन्यात जाते. जस्ताचा ब्लॉक असेल तर पत्र्याची बादली नको, तिला जस्ताचाच मुलामा असतो. रबरी हातमोजे नकोत, तोंडाला झिंक ऑक्साइडचं क्रीम नको. माती चाळायला पितळी चाळणी नको, पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच, आणखी काय पाहिजे! नायलॉनची जाळी घ्या. आणि ब्लँक घेतला का?

नमुना कसा घ्यायचा. हिरवागार, चकचकीत तुकडा उचलून पिशवीत टाकणं म्हणजे लग्नासाठी फोटो काढणं. पैसे लावणारा तोच फोटो बघून खूष होतो आणि पुढे रडतो. पट्ट्याला आडवी, सलग, सारख्या खोलीची खाच पाडा आणि मीटर-मीटरचा नमुना वेगळा करा. दोन्ही बाजूंचा रिकामा दिसणारा खडकही घ्या. रुंदी मोजताना झुकाव लिहा, तिरकं मोजून रुंदी फुगवू नका. माती घेत असाल तर वरचा पालापाचोळा बाजूला करून खालचा थर, सगळीकडे एकाच खोलीचा. पिकं निघाल्यावरच जायचं, म्हणून तर दिवाळीनंतरची तारीख धरलीय.

नंबर आधीच लिहून न्या. एक चिठ्ठी आत, एक बाहेर. दर वीस नमुन्यांमागे एक ब्लँक, एक स्टँडर्ड (आकडा आधीच माहीत असलेला नमुना), एक डुप्लिकेट (त्याच जागेचा दुसरा नमुना). ब्लँकला रांगेतलाच नंबर द्या, पिशवीवर 'ब्लँक' लिहू नका. हसू नका, मी लिहिलं होतं. आणि एक तरी ब्लँक सगळ्यात श्रीमंत नमुन्याच्या लगेच मागे लावा, कारण घाण उतरली तर तिथेच उतरणार. एक ब्लँक दीड-दोन किलोचा. पन्नासेक नमुने म्हणजे तीन ब्लँक आणि दोन जास्तीचे.

जुन्या खाणीच्या तोंडात शिरायचं नाही. राडारोड्यावरून नमुना घ्या, पण नोंदीत 'राडारोडा' असंच लिहा.

प्रयोगशाळेला आधी फोन करा, तांबं-शिसं-जस्ताबरोबर चांदी, आर्सेनिक, लोखंड मागा. उरलेली पूड परत मागा. निकाल आले की आधी ब्लँक बघा, मग बाकीचे. अहवालात आकडा, रुंदी, किती लांब जातंय, एवढंच. क्षमता 'अफाट' वगैरे शब्द खोडा.

गाडीची हवा, डिझेल, टोलचं बघा, चारशे किलोमीटरच्या आसपास जायचंय. पहाटे पाचला तावडे हॉटेलच्या चौकात. ब्लँकची पिशवी डिकीत नको, माझ्या पायाशी ठेवा. निपाणीला चहा पिताना मला ती दिसली पाहिजे.