गावच्या घरातले हॅम केंद्र शहरातून चालवण्याची तयारी

हॅम म्हणजे हौशी रेडिओ. त्याची रिग (प्रक्षेपण आणि ग्रहण करणारा संच) आणि अँटेना कोकणात गुहागर-मालवणकडच्या घरी आणि ऑपरेटर मुंबईत, अशी मांडणी करायची असेल, तर केंद्र दुरून सुरू कसे होईल यापेक्षा ते दुरून हमखास बंद कसे होईल, याची सोय आधी करावी. प्रक्षेपण चालू असताना इंटरनेट तुटले, तर रिग प्रक्षेपणातच अडकून राहू शकते आणि तिला हात लावायला तिथे कोणी नसते. म्हणून रिगमध्ये टाइम-आउट टायमर (ठरलेल्या वेळानंतर प्रक्षेपण आपोआप थांबवणारी सोय) असल्यास तो ३ मिनिटांवर ठेवावा. त्याशिवाय १३.८ व्होल्टचा पुरवठा तोडणारा, एसएमएसवर चालणारा जीएसएम रिले (मोबाईल नेटवर्कवरून चालणारा स्विच) वेगळ्या सिमकार्डावर बसवावा. डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या, प्रक्षेपणाची शक्ती जिरवणाऱ्या रोधकावर) प्रक्षेपण करताना राउटरची वायर काढून हे दोन्ही तपासल्याखेरीज अँटेना जोडू नये. परवान्यातील पत्ता आणि अटी वाचून, शंका असल्यास डब्ल्यूपीसीकडून (परवाना देणाऱ्या, दूरसंचार विभागाच्या शाखेकडून) लेखी खुलासा घ्यावा.

कोकणात विजेचा धोका भर पावसापेक्षा मे-जूनच्या वळवात आणि परतीच्या पावसात जास्त जाणवतो. अशा दिवसांत रिलेवर विसंबू नये. कोअॅक्स (अँटेनाची केबल) रिगपासून काढून बाजूला ठेवण्याचे काम घरच्या माणसाला किंवा शेजाऱ्याला प्रत्यक्ष करून दाखवावे. जांभ्याच्या कातळात अर्थिंग सहज मिळत नाही, त्यामुळे एकाच सळईवर न थांबता ओलसर जागी अनेक सळया ठोकून त्या एकमेकींना जोडाव्यात आणि मीटरने मोजून घ्याव्यात. खाऱ्या हवेसाठी बाहेरचे सर्व कनेक्टर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणाऱ्या) टेपने बंद करावेत. माडाला बांधलेल्या ४० मीटर बँडच्या डायपोलच्या (तारेच्या अँटेनाच्या) दोरीला कप्पी आणि वजन असू द्यावे, नाहीतर वाऱ्यात माड झुलला की तार तुटते.

मोबाईल इंटरनेटवर बाहेरून थेट जोडणी बहुधा मिळत नाही. तेव्हा केंद्रातल्या छोट्या संगणकानेच स्वतःहून वायरगार्डचा (व्हीपीएन सॉफ्टवेअरचा) सुरक्षित बोगदा बाहेर उघडावा आणि तो टिकावा म्हणून दर २५ सेकंदांनी संदेश पाठवावा. रिग नियंत्रणाचे ४५३२ पोर्ट उघड्या इंटरनेटवर कधीही ठेवू नये, कारण रिगसीटीएलडी (रिगला संगणकावरून आज्ञा देणारे सॉफ्टवेअर) तिथे सहसा पासवर्ड विचारत नाही.

सर्वाधिक वेळ मात्र आवाजासाठी राखून ठेवावा. आयकॉम आयसी-७३०० मध्ये यूएसबी साउंड कार्ड आत असते, पण बोलण्यासाठी 'डेटा ऑफ मॉड' हे मेनूतले सेटिंग यूएसबीवर नेल्याशिवाय दुरून आलेला आवाज हवेत जात नाही. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिटचा मोनो आवाज न दाबता पाठवला तर सेकंदाला ७६८ किलोबिट लागतात. एसएसबीचा (हॅम बोलण्यासाठी वापरतात त्या अरुंद प्रक्षेपण पद्धतीचा) आवाज जेमतेम २.७ किलोहर्ट्झचा असल्याने ओपस कोडेकवर (आवाज दाबून लहान करणाऱ्या पद्धतीवर) ३२ किलोबिट पुरतात. मम्बल (इंटरनेटवरून आवाज पाठवणारे सॉफ्टवेअर) वापरताना त्यातले नॉइज सप्रेशन आणि आवाजाची आपोआप वाढ दोन्ही बंद करावीत, कारण क्षीण सिग्नल हा त्या सॉफ्टवेअरला गोंगाटच वाटतो आणि नेमके जे ऐकायचे तेच पुसले जाते. केंद्रातल्या संगणकाच्या सूचनांचे आवाजही बंद असावेत, एरवी तेही प्रसारित होतील. यूएसबी वायरीच्या दोन्ही टोकांना फेराइट (रेडिओचा उपद्रव रोखणारे चुंबकीय कडे) घालावे, आणि आवाजाची पातळी रिगवरचा एएलसी (प्रक्षेपणाची पातळी आपोआप आवरणाऱ्या सोयीचा) मीटर पाहूनच वाढवावी.

एफटी८ (संगणकाने पाठवायचे व उलगडायचे छोटे डिजिटल संदेश) दुरून ऐकून डिकोड करू नये. सॉफ्टवेअर केंद्रातच चालवावे, तिथले घड्याळ एनटीपीने (इंटरनेटवरून अचूक वेळ घेऊन) जुळलेले असावे आणि शहरात फक्त पडदा पाहावा.