या चुका टाळा: अवरक्त रेषांवरून तेजोमेघातला आयनित वायू मोजताना

तेजोमेघातला आयनित (इलेक्ट्रॉन गमावलेला) वायू ठरावीक तरंगलांबींवर प्रकाश टाकतो. त्यांतल्या अवरक्त रेषांवर अभ्यासक विसंबतात ते योग्यच आहे. ऑक्सिजनच्या ५२ मायक्रॉन रेषेचा वरचा ऊर्जास्तर जेमतेम ४४० केल्विनइतका. ८-१० हजार केल्विनच्या वायूत रेषेच्या तेजावर तापमानाचा फारसा परिणाम होत नाही, तो प्रश्न जवळजवळ मिटतोच. घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. दोन रेषा आकाशाच्या एकाच तुकड्यातून आणि एकाच वायूतून आल्या आहेत का, हे बघायचं राहून जातं.

सल्फरचंच घ्या. १८.७ आणि ३३.५ मायक्रॉनच्या रेषांच्या गुणोत्तरावरून घनता काढतात. कधीकधी हे गुणोत्तर सिद्धान्ताच्या किमान मर्यादेच्याही खाली जातं. लगेच सिद्धान्ताला दोष देऊ नका, आधी उपकरणाची फट (आकाशाच्या ज्या तुकड्याचा प्रकाश आत घेते ती खिडकी) तपासा. स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीच्या उच्च विभेदनाच्या (जवळजवळच्या रेषा वेगळ्या दाखवणाऱ्या) वर्णपटमापकात पहिली रेषा ४.७ × ११.३ विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) फटीतून यायची आणि दुसरी ११.१ × २२.३ विकलांच्या. क्षेत्रफळात साडेचारपटीहून जास्त फरक! पसरट तेजोमेघात ३३.५ची रेषा त्यामुळे उगाचच बळकट दिसते. तीव्रता दर चौरस विकलेमागे काढा, मगच भागाकार करा. वायू गुठळ्यागुठळ्यांचा असेल तर तेवढ्यानेही भागत नाही, दोन्ही रेषांचे नकाशेच लागतात. धूळही त्याच दिशेने फसवते, कारण तिच्यातल्या सिलिकेटचा एक शोषणपट्टा १८ मायक्रॉनजवळच आहे आणि त्यामुळे १८.७ची रेषा क्षीण होते.

निऑन त्यामानाने सरळ. त्याच्या १२.८ आणि १५.६च्या रेषा, शिवाय हायड्रोजनची १२.४ची, या तिन्ही स्पिट्झरच्या एकाच लहान फटीत मिळायच्या. विभेदन कमी असेल तर मात्र सांभाळा: १२.८ची रेषा शेजारच्या पीएएच (अनेक कार्बन-कड्यांच्या) रेणूंच्या रुंद उंचवट्यात मिसळते आणि २५.८९ची ऑक्सिजन रेषा २५.९९च्या लोहरेषेत.

मृगातल्या तेजोमेघासारख्या दाट गाभ्यात ऑक्सिजनची ८८ मायक्रॉन रेषा टकरींमुळे दबते, कारण प्रकाश टाकण्याआधीच टकरीत ऊर्जा निघून जाते. तिच्यावरून ऑक्सिजन कमी आहे असं ठरवू नका.

सर्वांत जास्त दिशाभूल करते ती कार्बनची १५८ मायक्रॉन रेषा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, हैदराबादहून बलूनने सोडलेल्या १०० सेंमी दुर्बिणीनेही ती मोजली आहे. कार्बन आयनित व्हायला ११.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात, हायड्रोजनला १३.६ लागतात. म्हणजे हायड्रोजन अजून उदासीन असलेल्या कडेच्या थरांतूनही ही रेषा येते, आणि बऱ्याचदा तिचा मोठा वाटा तिथलाच असतो. आयनित वायूचा वाटा वेगळा काढायचा तर नायट्रोजनची २०५ मायक्रॉन रेषा सोबत मोजा. नायट्रोजनला १४.५ लागतात, म्हणून ती आयनित वायूतूनच येते. शिवाय दोन्ही रेषांवर घनतेचा परिणाम जवळपास सारखाच होतो, त्यामुळे घनता नेमकी माहीत नसली तरी हिशेब फारसा बिघडत नाही.