या चुका टाळा : जुलैतच हातचा जाणारा बास्केटबॉल सीझन

जुलै उजाडला की साताऱ्यातल्या कॉलेजांच्या टीम पहाटे साडेपाचला अजिंक्यताऱ्याच्या चढाला लागतात. पावसात भिजत पळणारी पोरं बघून लोकांना कौतुक वाटतं, माझ्या मात्र पोटात गोळा येतो.

कारण ही चूक मी स्वतः करून बसलोय. शिवाजी विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेला सहा आठवडे उरले होते. सुट्टीत कुणी शेतावर राबलेलं, कुणी नुसतं मोबाइलवर लोळलेलं. मी पहिल्याच सोमवारपासून सगळ्यांना रोज गडावर काढलं. वर पळत, खालीही पळत. उताराला पोरं खुशीत सुटायची आणि मी मागून शिट्ट्या मारायचो. संध्याकाळी परत सिमेंटच्या कोर्टवर दीड तास. बाराव्या दिवशी आमचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच गडी, म्हणाला, "सर, नडगी ठणकतीय." मी म्हटलं, "बर्फ लाव, जाईल." गडी गुणी, पळत राहिला. एक्सरे काढला, त्यात काही नाही, मी निर्धास्त. पुढच्या आठवड्यात रिबाउंडला, म्हणजे हुकून परत उसळलेला बॉल पकडायला, उडी मारून खाली आला तो तिथंच बसला. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. असली बारीक चीर सुरुवातीच्या एक्सरेत बहुतेकदा दिसतच नाही, हे मला डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं. स्पर्धेत पोरगं बाकावर बसून टाळ्या वाजवत होतं आणि मला त्याच्याकडं बघवत नव्हतं.

चढाला दम लागतो, म्हणून तोच व्यायाम वाटतो. नडगीला मार बसतो तो उताराला. दमसास दोन-तीन आठवड्यांत वाढतो, हाड तेवढ्यात तयार होत नाही. आता मी आठवड्यातून दोनदाच चढ घेतो आणि उतरताना चालत, वाटेतल्या 'चार भिंती' स्मारकापाशी टेकत. पहिले पंधरा दिवस उड्या मातीवरच. नडगीची तक्रार आली की हाडाच्या आतल्या कडेवरून बोट दाबत खाली जातो. वीतभर भाग दुखला तर विश्रांती. बोटाएवढ्या एकाच जागी कळ आली तर थेट हाडांचा डॉक्टर, मग स्पर्धा उद्या का असेना.

"सर, ललिता बाबर आपल्या माणची, 2016 च्या ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलमध्ये पळाली," असं पोरं मला ऐकवतात. अभिमान मलाही आहे. पण तिची शर्यत तीन हजार मीटरची, आपलं कोर्ट 28 मीटरचं. तिथं सुसाट सुटायचं, गचकन थांबायचं, वळायचं, उडी मारायची. गड कितीही चढलात तरी थांबायला शिकत नाही.

बाकीच्या चुका चटकन सांगतो. पावसात कोर्टवर शेवाळ धरतं; ब्लीचिंग टाकून खराट्यानं घासायचं, आणि ते टीमनंच, शिपायानं नाही. मुलींना सात नंबरच्या बॉलवर सराव देऊ नका, त्यांचा बॉल सहा नंबरचा. नवे बूट मॅचच्या दिवशी घालणाऱ्याला मी खेळवत नाही. यूट्यूबवरून बारा प्ले, म्हणजे ठरवून खेळायच्या चाली, उचलून आणणाऱ्या नव्या कोचना हात जोडतो. माझे तीन आहेत, आणि तेही पोरं विसरतात. कोर्टवर शॉट मारायची मुदत दाखवणारं 24 सेकंदांचं घड्याळ नसेल तर एकाला कडेला उभं करून मोठ्यानं आकडे मोजायला लावा. आपलाच हुकलेला शॉट रिबाउंडला परत पकडला तर 14 सेकंदच मिळतात, हे निम्म्यांना मॅचमध्ये पंचांकडून कळतं.

तीन पॉइंटच्या शॉटच्या वेडाबद्दल बोलायलाच हवं. टीव्हीवर एनबीए बघायचं आणि ग्राउंडवर आल्या आल्या 6.75 मीटरच्या रेषेमागून बॉल फेकायचा. डाव्या हाताचा ले-अप, म्हणजे पळत जाऊन बास्केटजवळून टाकायचा शॉट, येत नाही, पण थ्री हवा. मी पहिले दहा दिवस त्या रेषेमागून फेकूच देत नाही. रुसतात, एखाद-दुसरा सोडूनही जातो. जाऊ दे.

आणि जिथं खरंच हातात पडलेले पॉइंट जातात, त्या फ्री थ्रोचा, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीचा, सराव कुणी करत नाही. करतात ते सुरुवातीला, ताजेतवाने असताना, गप्पा मारत. एका वर्षी शेवटच्या क्वार्टरमध्ये समोरच्या टीमचे चार फाउल लवकर भरले. पाचव्यापासून बचावातल्या प्रत्येक फाउलला आम्हाला दोन थ्रो. बारा मिळाले, बास्केटमध्ये गेले चार. मॅच हरलो तीन पॉइंटनी. सरावात हीच पोरं दहातले आठ टाकायची, पण तेव्हा छाती भात्यासारखी हलत नसायची.

तेव्हापासून माझे फ्री थ्रो सगळ्यात शेवटी. कोर्टच्या दोन फेऱ्या जीव तोडून, लगेच दोन थ्रो, परत फेऱ्या, परत दोन. असे पाच वेळा. चुकलं म्हणून शिक्षेच्या फेऱ्या देत नाही, फक्त वहीत लिहितो. वही बाकावर उघडीच असते. परवा एक फर्स्ट इयरचा पोरगा म्हणाला, "सर, दमल्यावर कशाला, हात थरथरतात." म्हटलं, बाळा, म्हणूनच. त्याचे दहातले दोनच बास्केटमध्ये गेले होते. आज चार गेले.