ओले ओंडके घेताय? मृगाआधी फोडून होणार असतील तरच घ्या

मे संपत आला की इंदूरजवळच्या सांवेर, देपालपूर, महूच्या रस्त्यांवर ओंडक्यांच्या ट्रॉल्या फिरू लागतात. पावसाळ्याचं सरपण भरायचं असतं, कुणाची माव्याची भट्टी असते, कुणाकडे दिवाळीनंतर लग्न असतं. फोडलेल्या लाकडापेक्षा भाव कमी, म्हणून लोक अख्खी ट्रॉली बांधावर उतरवून घेतात आणि पेरणीच्या गडबडीत तिकडे बघतही नाहीत. माझं सांगणं त्या न बघण्याबद्दल आहे. साल न काढलेले ओंडके पहिल्या पावसात जमिनीवर पडून राहिले, तर लाकूड जातंच, शेजारचं पीकही जातं.

आधी पैशाचं बोलू. नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. असं १ क्विंटल लाकूड जाळण्याजोगं वाळलं की ६२-६३ किलो उरतं. समजा, ओले ओंडके ५०० रुपये क्विंटलने घेतले, तर वाळलेलं लाकूड तुम्हाला ८०० रुपयांना पडलं. वर कापणी, फोडणी, आऱ्यावरचा भुसा आणि आतून पोकळ निघालेले बुंधे आहेतच. म्हणून माझा हिशेब सरळ आहे : वखारीवरच्या वाळलेल्या, फोडीव लाकडाच्या निम्म्या भावात ओंडके मिळत असतील आणि फोडायला घरची माणसं असतील, तर घ्या. त्याच्या वर भाव गेला तर फोडलेलंच आणा. ओलं तसंच जाळू म्हणाल, तर तेही नको. निम्मं पाणी असलेलं लाकूड वाळलेल्याच्या जेमतेम निम्मी-पाऊण आच देतं आणि चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत, छातीत धूर भरतो.

ट्रॉलीच्या अंदाजावर सौदा करू नका. वाकडे, लांब ओंडके रचले की मधे पोकळी राहते आणि ट्रॉली गच्च भरलेली दिसते. धर्मकाट्यावर, म्हणजे गाडी तोलायच्या मोठ्या काट्यावर, भरलेली आणि रिकामी, दोन्ही वजनं आपल्यासमोर करून घ्या. टोकाला मध्यापासून निघालेल्या भेगा असतील, साल नखाने सुटत असेल, दोन तुकडे आपटले की टणक आवाज येत असेल, तर लाकूड बरंच वाळलंय. बद्द आवाज आला की भाव पाडून मागा. बाभूळ आणि निलगिरी ओली असतानाच फोडा, वाळल्यावर निलगिरी कुऱ्हाडीला दाद देत नाही. सावर फुकट दिली तरी भाड्याची किंमत निघणार नाही.

आता मुख्य गोष्ट. सांवेरकडच्या एका पेरूच्या बागेत मी हे जवळून पाहिलंय. बांधावर ओंडक्यांचा ढीग, बुडाशी नुसती माती. ऑगस्टच्या उघडिपीत ढिगालगतच्या दोन ओळींतली कलमं मलूल झाली. मालकाला वाटलं पाणी कमी पडलं, त्याने पाणी दिलं. एक कलम हाताने ओढलं तर सहज उपटून आलं. जमिनीच्या पातळीवर साल गोल खाल्लेली, खोडावर मातीची बोटभर रुंद नळी आणि ती फोडली की आत पांढरी वाळवी वळवळत होती. ढिगातला खालचा ओंडका उलटवला तर त्याच्या पोटात नुसती माती भरलेली. वाळवीने आधी तिथे बस्तान मांडलं आणि मग बागेकडे मोर्चा वळवला. कार्तिकात त्याच कोपऱ्यात गहू पेरला, तोही ठिगळाठिगळाने पिवळा पडला.

हे दरवर्षी कुठे ना कुठे होतंच. पहिला चांगला पाऊस पडला की संध्याकाळी दिव्यांभोवती पंखवाली वाळवी उडते, पंख गाळते आणि जोडी जमिनीत शिरून नवं घर करते. त्या वेळी ओलसर, साल असलेलं लाकूड जमिनीला टेकलेलं असेल तर तिला आयतं अन्न मिळालं. म्हणून तारीख महत्त्वाची. मृग ७-८ जूनला लागतो, वळीव त्याआधीही येतो. आज ओंडके उतरवलेत तर उद्या आऱ्याखाली घाला.

आंब्याचे, वडा-उंबराचे ओंडके असतील तर आणखी घाई करा. खोड पोखरणाऱ्या भिरुडाची अळी तोडलेल्या लाकडातही जगते आणि पावसाच्या तोंडावर भुंगेरे बाहेर पडतात. बोटभर भोक आणि खाली लाकडाचा भुसा दिसला की तो ओंडका आंब्याच्या बागेजवळ ठेवायचाच नाही. तो आधी फोडा, आधी जाळा. रात्री शांततेत कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाज येतो, असा माझा अनुभव आहे. करून बघा.

रचताना :
– दीड-दोन फुटांचे तुकडे, मनगटापेक्षा जाड असेल ते फोडलेलं
– खाली दगड किंवा विटा, जमिनीपासून वीतभर उंच
– पीक आणि घराच्या भिंतीपासून लांब
– वर पत्रा, बाजू उघड्या. पाऊस नैऋत्येकडून येतो, तेवढीच बाजू झाका

ताडपत्रीने चारी बाजूंनी गुंडाळू नका, आत वाफ धरते आणि बुरशी येते. लाकडातलं पाणी बहुतेक कापलेल्या टोकांतून जातं, साल ते अडवते. त्यामुळे फोडलेलं लाकूड मेच्या झळांत काही आठवड्यांत वाळतं आणि तोच अख्खा ओंडका वर्ष घेतो.

दुकानदार तुम्हाला ढिगावर ओतायला महागडी बाटली देईल. घेऊ नका. विषारी औषध मारलेलं लाकूड चुलीत घालायचं नसतं, त्याचा धूर घरात फिरतो. तेच पैसे फोडणाऱ्या मजुराला द्या. औषधाची जागा बियाण्यावर आहे : जिथे वाळवी दिसली त्या शेतात गव्हाला क्लोरपायरीफॉस २० ईसी हे कीटकनाशक, किलोमागे ४.५ मिली, अशी एक शिफारस आहे. हातमोजे घालून लावा आणि बियाणं सावलीत सुकवा. आंब्याच्या खोडात भिरुडाचं भोक दिसलं तर तारेने साफ करून रॉकेलचा बोळा कोंबा आणि चिखलाने लिंपा. ढिगाखाली चुलीची राख पसरण्याची आमच्याकडे रीत आहे. कोरडी असेपर्यंत उपयोग होतो असं मला वाटतं, पावसात मात्र तिच्यावर विसंबू नका.

या पंधरवड्याची बाकी कामं :
– सोयाबीनची उगवण तपासा, ७० टक्के हवी
– घरचं बियाणं आपटू नका, साल नाजूक असते
– साधारण १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरणी नाही
– रायझोबियम आणि पीएसबी ही जिवाणू खतं बियाण्याला चोळा, प्रत्येकी ५ ग्रॅम किलोला
– बांधावरच्या चऱ्या मोकळ्या करा

ओंडके रस्त्याने आणायचे तर वाहतुकीचा परवाना कुठल्या झाडाला लागतो हे वन विभागाच्या रेंज कार्यालयात स्वतः विचारा. ‘याला काही लागत नाही’ हे विकणाऱ्याचं तोंडी आश्वासन नाक्यावर चालत नाही, तिथे ट्रॉली अडकते ती तुमची.

आणि ज्यांचे ओंडके गेल्या वर्षीपासून बांधावर पडलेत त्यांनी आज संध्याकाळीच खालचा एक उलटवून बघावा. पोटात माती निघाली तर तो बागेतून ओढत नेऊ नका. तिथेच फोडा, उन्हात पसरा, बुडाची जमीन फूटभर खणून उलटी करा आणि जवळच्या दोन ओळींतलं प्रत्येक खोड बुंध्याशी माती सारून तपासा.